बुएनोस आयरेसमध्ये कसे राहावे: नवागतांसाठी प्राथमिक धडे

ही मार्गदर्शिका तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. ज्यांना कंपनी तिकडे पाठवते आहे ते. ज्यांचं तिकडच्या कुणाशी लग्न ठरलं आहे ते. आणि २०२२ चा विश्वचषक पाहून ज्यांनी आता राहीन तर अर्जेंटिनातच असं ठरवलं ते. पहिल्या दोघांची सोय परस्पर झालेली आहे. त्यांनी मोबाइलपुरता भाग वाचला तरी पुरे. तिसऱ्यांनी मात्र एवढं लक्षात घ्यावं, की ज्याच्या नावाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट तुम्ही घेतलात, तो मेस्सी तेराव्या वर्षी रोसारिओ सोडून बार्सिलोनाला गेला आणि अर्जेंटिनातल्या एकाही क्लबकडून व्यावसायिक सामना खेळला नाही.

तरीही जायचंच असेल तर पुढे वाचा.

उत्तर पाठ करणे

विमानतळाबाहेर पडल्यापासून टॅक्सीवाला, भाजीवाली, दंतवैद्य आणि लिफ्टमधले आजोबा तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहेत: इथे कशाला आलात? या प्रश्नात तुसडेपणा नसतो. विचारणाऱ्याला खरंच कळत नसतं. त्याचे पणजोबा इटलीहून बोटीने आले होते आणि तो स्वतः गेली काही वर्षं त्या पणजोबांचा जन्माचा दाखला शोधतो आहे. दाखला मिळाला की इटलीचा पासपोर्ट, आणि पासपोर्ट मिळाला की माद्रिद किंवा मिलान. (मार्च २०२५ मध्ये इटलीने हे दार आजोबांपर्यंतच उघडं ठेवलं. पणजोबावाले तेव्हापासून जरा घुश्शात आहेत. त्यांच्यापुढे हा विषय काढू नये.)

फुटबॉल, टँगो आणि प्रेम ही तीन उत्तरं चालतात. 'नोकरीसाठी' हे उत्तर दिलंत तर समोरचा आधी हसतो, मग गंभीर होतो आणि मग तुम्हाला काहीतरी खायला घालतो.

तुम्हाला तिथे राहायचा हक्क आहे का, याबद्दल निश्चिंत असा. १८५३ च्या राज्यघटनेची प्रस्तावना जगातल्या ज्या कुणाला या भूमीवर राहायचं आहे त्या सर्वांना कवेत घेते. कलम २० परदेशी माणसाला नागरिकाइतकेच नागरी हक्क देतं. पुढे कलम २५ येतं आणि सांगतं, की सरकारने युरोपीय स्थलांतराला उत्तेजन द्यावं. १९९४ मध्ये घटना दुरुस्त झाली, हे कलम जिथल्या तिथे राहिलं. आपण युरोपीय नाही हे घटनेच्या ध्यानात येईपर्यंत कलम २० वर भागवावं.

एके काळी हे आमंत्रण नुसतं कागदावर नव्हतं. बंदराजवळ १९११ मध्ये सरकारने स्थलांतरितांसाठी मोठं वसतिगृह उघडलं. बोटीतून उतरलेल्याला पाच दिवस फुकट जेवण, फुकट खाट, आणि त्याच आवारात नोकरी शोधून देणारं कार्यालय. १९१४ च्या जनगणनेत शहरातली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली निघाली. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे. नोकरीसाठी तिथे जाऊ नये. पाहुणा म्हणून जावं.

जिवाची काळजी

नवशिका माणूस निघण्याआधी कमरेला बांधायचा चोरकप्प्याचा पट्टा घेतो, पासपोर्टच्या झेरॉक्स काढतो आणि आईला सांगतो, काळजी करू नकोस. आईने काळजी करू नयेच. दक्षिण अमेरिकेत खुनांचं प्रमाण ज्या देशांत सर्वांत कमी आहे, त्यांत अर्जेंटिना मोडतो. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी गांजलेलं रोसारिओ हा अपवाद, पण ते सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. बुएनोस आयरेसमध्ये जातो तो जीव नव्हे, मोबाइल.

मोबाइल घालवायची सर्वांत सोपी पद्धत अशी. फुटपाथच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून उभं राहावं, हात लांब करून नकाशा उघडावा आणि आपण नेमके कुठे आहोत यावर सोबतच्या माणसाशी मराठीत वाद घालावा. मोटरसायकलवरून दोघे येतात. पुढचा चालवतो, मागचा उचलतो. वाद मिटतो. आकुर्डीच्या बजाजची पल्सर तिथे 'राउझर' या नावाने विकली जाते आणि रस्त्यावर भरपूर दिसते. तेव्हा आपला मोबाइल कदाचित गावच्याच गाडीवरून गेला, एवढं समाधान मानून घ्यावं. दुसरी पद्धत भुयारी रेल्वेतली. तिला तिथे 'सुब्ते' म्हणतात. तिची पहिली मार्गिका १९१३ ची, म्हणजे अख्ख्या लॅटिन अमेरिकेत पहिली. दाराशी उभं राहून मेसेज वाचत राहावं. दार बंद व्हायच्या क्षणी फोन फलाटावर उतरतो, तुम्ही पुढच्या स्टेशनला. तिसऱ्या पद्धतीला कष्टच नाहीत: कॅफेबाहेरच्या टेबलावर कॉफीच्या कपाशेजारी फोन ठेवावा आणि आकाशाकडे बघावं.

अंगावर अचानक मोहरीचा सॉस किंवा पक्ष्याच्या शिटेसारखं काही उडालं, तर ते पक्ष्याचं काम नाही. लगेच एक सभ्य बाई कागदी रुमाल घेऊन धावत येईल, 'अरेरे' म्हणेल आणि पाठ पुसू लागेल. ती पाठ पुसत असताना तिचा जोडीदार खिसा पुसतो. इलाज एकच: तिला नाही म्हणायचं आणि डागासकट चालू पडायचं. मदतीला आलेल्या बाईला तोडून टाकणं आपल्या संस्कारात बसत नाही, म्हणून घरी आरशासमोर सराव करून जावं. टॅक्सीत मोठी नोट दिलीत आणि चालकाने मान वळवून 'ही खोटी आहे' म्हणत एक नोट परत केली, तर ती खरोखरच खोटी असते. तुम्ही दिलेली मात्र ती नव्हे.

कुठल्या भागात राहावं हे स्थानिकांना विचारण्यात अर्थ नाही. पालेर्मोवाला सांगेल, इथे काही होत नाही, ओन्सेकडे जाऊ नका. ओन्सेवाला कोन्स्तितुसिओनकडे बोट दाखवेल. ला बोकामध्ये कामिनीतोच्या रंगीत पत्र्यांच्या घरांपुढे फोटो काढावेत आणि फोटोपुढची गल्ली बघायचा मोह आवरावा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. खरी अक्कल कोपऱ्यावरच्या किओस्कवाल्याला असते. त्याच्याकडून रोज काहीतरी घ्या, निदान च्युइंगगम. महिनाभरात तो तुम्हाला नावाने हाक मारू लागला, की त्या चौकात तुम्ही पोलिसांच्या भरवशावर राहिलेले नाही असं समजा.

पुस्तकांत न सापडणारा धोका पायाखाली आहे. फुटपाथच्या फरश्या सैल असतात, पाऊस थांबून तासभर झाला तरी त्यांच्याखाली पाणी साठलेलं असतं आणि पाय पडताच ते गुडघ्यापर्यंत उडतं. मुलाखतीला जाताना काळी पँट घालावी ती याचसाठी. फरशी चुकवावी तर कुत्री आहेत. एकेक माणूस दहा-दहा कुत्र्यांचे पट्टे हातात धरून फिरायला निघतो, आणि दहा कुत्री ज्यासाठी फिरायला निघतात ते फुटपाथवरच उरकतात.

बोका ज्युनियर्सचा निळा-पिवळा शर्ट घालून प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटच्या मोहल्ल्यात फिरू नये, हे सांगायला हवंच. २०१३ पासून पाहुण्या संघाच्या समर्थकांना सामन्याला सहसा येऊच देत नाहीत, त्यामुळे स्टेडियमात चुकीच्या बाजूला बसायची सोय उरलेली नाही. चूक करायचीच तर रस्त्यावर करावी लागते.

मोर्चाला घाबरू नये. दर आठवड्याला कुठला ना कुठला रस्ता बंद असतो, ढोल वाजत असतात आणि शेजारी सॉसेज-पाव भाजणाऱ्याचा धंदा जोरात असतो. गुरुवारी दुपारी साडेतीनला मात्र प्लासा दे मायोच्या चौकात जरा थांबा. पांढरे रुमाल डोक्याला बांधलेल्या आया १९७७ पासून तिथे फेरी घालत आहेत. लष्करी राजवटीत उचलून नेलेल्या मुलांचा हिशोब मागत आहेत. आता त्या फार थोड्या आणि फार म्हाताऱ्या आहेत. त्या राजवटीत माणसं पळवून नेणारी हिरवी फोर्ड फाल्कन गाडी सरकारी होती. अधिकृत कागदापेक्षा शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबायची या शहराची खोड, माझ्या मते, तेव्हा हाडात मुरली.

पैशाची काळजी

चोर एका वेळी एक खिसा कापतो. पेसो सगळ्यांचे खिसे एकदम कापतो, तेही तुम्ही घरात झोपलेले असताना.

१९९१ पासून एक पेसो म्हणजे एक डॉलर असा कायदाच होता. डिसेंबर २००१ मध्ये बँकेतून आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त काढायला बंदी आली, लोक पातेली बडवत रस्त्यावर उतरले, दोन आठवड्यांच्या आत पाच राष्ट्राध्यक्ष होऊन गेले आणि जानेवारीत तो कायदाही गेला. तेव्हापासून शहाणा माणूस बँकेत पगार ठेवतो आणि गादीखाली बचत. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने डॉलरचा अधिकृत दर एका रात्रीत सुमारे ३६६ वरून ८०० पेसोंवर नेला. त्या वर्षीची महागाई २११ टक्के, पुढच्या वर्षीची ११८. हा आकडा खाली आला तेव्हा लोकांनी मेजवान्या दिल्या, कारण दर खाली येतोय याचंच अप्रूप.

२०२३ च्या मेपर्यंत सर्वांत मोठी नोट हजाराची होती, आणि रस्त्यावरच्या दराने ती दोन डॉलरची. घरभाडं पाठीवरच्या सॅकमधून न्यावं लागे. आता दहा आणि वीस हजारांच्या नोटा आल्या आहेत, त्यामुळे श्रीमंत माणूस पाहताक्षणी ओळखू येत नाही.

डॉलर नेताना एक परीक्षा घ्यावी लागते. शंभराच्या जुन्या नोटेवर फ्रँकलिनसाहेबांचा चेहरा लहान आहे, नव्यावर मोठा. अमेरिकेत दोन्ही सारख्याच किमतीच्या. बुएनोस आयरेसच्या फ्लोरिडा रस्त्यावर लहान चेहऱ्याला कमी भाव मिळतो. घडी पडलेली, शिक्का उठलेली, कोपरा दुमडलेली नोटही तशीच. लग्नासाठी मुलगी दाखवायचा कार्यक्रम आपण बंद केला, त्यांनी तो नोटांसाठी चालू ठेवला आहे. फ्लोरिडावर 'काम्बियो, काम्बियो' पुटपुटत उभे असलेले लोक तुम्हाला मागच्या खोलीत नेतात. त्यांच्यामागे जाऊ नये. प्रत्येक कुटुंबाचा आपला विश्वासातला माणूस असतो. तो कोण, हे तुम्हाला कुटुंब ओळखीचं झाल्यावरच कळतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वसामान्यांवरची डॉलर खरेदीची बहुतेक बंधनं उठली आणि काळ्या-पांढऱ्या दरातली दरी बरीच बुजली, पण गादीखालचं काही अजून बँकेत परतलेलं नाही.

डोक्यावर छप्पर

घर भाड्याने हवं असेल तर आधी घर असलं पाहिजे. तुमचं नव्हे, तुमच्या जामीनदाराचं. त्याच शहरात स्वतःच्या मालकीचा फ्लॅट असलेला, आणि तुम्ही भाडं थकवलंत तर तो फ्लॅट पणाला लावायला तयार असलेला माणूस मालकाला दाखवावा लागतो. परवा उतरलेल्या परदेशी माणसाने असा माणूस कुठून आणावा, हे कुणीच सांगत नाही. जामीन विकणाऱ्या विमा कंपन्या आहेत. त्यांना तुमच्या पगाराच्या पावत्या लागतात. पगाराला नोकरी लागते. नोकरीला पत्ता लागतो. इथे पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. दर हजारी मानसशास्त्रज्ञ मोजले तर जगात अर्जेंटिनाच पुढे. पालेर्मोतल्या एका भागाला लोक 'व्हिया फ्रॉइड' म्हणतात. तिथे आठवड्याला एक तास कुणीतरी तुमचं ऐकून घेतं, आणि त्यासाठी जामीन मागत नाही.

नोकरी

परदेशी माणसाला काय काम मिळेल हे बहुधा त्याच्या पदवीआधी त्याच्या पासपोर्टवरून ठरतं. बोलिव्हियन माणूस भाजीच्या दुकानात किंवा शिवणकामाच्या कारखान्यात, पाराग्वेचा बांधकामावर, त्याची बहीण कुणाच्या तरी घरकामाला. चिनी माणसाचं कोपऱ्यावरचं छोटं सुपरमार्केट. सेनेगलचा माणूस फुटपाथवर चष्मे आणि घड्याळं मांडून बसतो. व्हेनेझुएलाहून आलेला इंजिनियर पाठीवर चौकोनी पेटी घेऊन सायकलवरून पिझ्झा पोचवतो, आणि जिन्यात भेटला तर आपल्या पेट्रोलियममधल्या अनुभवाबद्दल बोलतो. शेजारच्या देशांतल्या लोकांना निदान राहण्याचा परवाना सहज मिळतो. भारत मेर्कोसूर या दक्षिण अमेरिकी गटात नसल्यामुळे आपल्याला तेही नाही.

भारतीय माणसाचं काम ठरलेलं आहे: योग. तुम्ही मेकॅनिकल इंजिनियर असाल, तुम्हाला खाली वाकून पायाचे अंगठे धरता येत नसतील, तरी चालेल. पहिल्याच ओळखीत तुम्ही कुठे शिकवता असं विचारलं जाईल. तिथे भारतीयाला सरसकट 'हिंदू' म्हणतात, मग तो नाशिकचा ख्रिश्चन का असेना. शहराबाहेर 'डॉन तोर्कुआतो' या गावी 'हिंदू क्लब' नावाची संस्था आहे, १९१९ ची, बोधचिन्हावर हत्ती. आपली माणसं भेटतील म्हणून जाऊ नका. तिथे रग्बी खेळतात.

संगणकवाल्यांना वाटतं, आपलं तरी जमेल. मेर्कादो लिब्रे १९९९ ची, ग्लोबांत २००३ ची; दोन्ही तिथल्याच तरुणांनी काढलेल्या आणि दोन्ही मोठ्या. पण तिथला प्रोग्रॅमर चांगला आहे, त्याची घड्याळं न्यूयॉर्कशी जवळपास जुळतात आणि त्याला डॉलरमध्ये पैसे देणारं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. पुण्यात जे आपण करतो तेच तो करतो, फक्त रात्रीची झोप मोडून नाही. इंग्रजी शिकवायचं काम मिळतं, कचेऱ्यांत जाऊन, तासावर, पेसोंत. एका कचेरीतून दुसरीत जाण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे नसतात. सोयाबीन तेलाच्या व्यापारात मात्र खरी वाट आहे. आपल्या भज्यांच्या कढईतलं सोयाबीन तेल बरंचसं पाराना नदीकाठच्या गिरण्यांतून येतं, भारत हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. दोन्हीकडची भाषा आणि दोन्हीकडचा मोलभाव जाणणाऱ्याला तिथे किंमत आहे. स्पॅनिश शिकावी लागेल, आणि रस्त्याला 'काये' म्हणायला शिकून गेलात की तिथे सगळे 'काशे' म्हणतात हे सोसावं लागेल.

कायदेशीर वाट अशी: मालकाने परदेशी माणसं बोलावणाऱ्यांच्या सरकारी यादीत नाव नोंदवलेलं असावं, त्याने तुमच्यासाठी अर्ज करावा, तुम्ही तो मंजूर होईपर्यंत जिवंत राहावं. आत पोचल्यावर आधी तात्पुरता कागद मिळतो. तिथे त्याला 'प्रेकारिया' म्हणतात आणि तो संपत आला की पुन्हा वाढवून घ्यायचा. मग ओळखपत्र, डीएनआय. परदेशी माणसाचा डीएनआय क्रमांक नऊ कोटींच्या घरात असतो, त्यामुळे सुपरमार्केटच्या काउंटरवर आकडा सांगताच मागची रांग तुमच्याकडे वळून बघते. रीतसर नोकरी मिळालीच तर जून आणि डिसेंबरमध्ये अर्धा-अर्धा मिळून तेरावा पगार मिळतो. पण तिथल्या दर तीन पगारदारांमागे एकाहून जास्त जण हिशोबाबाहेर, 'काळ्यात' काम करतात. मालक तुम्हालाही तसंच सुचवेल आणि वर म्हणेल, कागदपत्रं पुढे बघू. काम गेलं तर तक्रार करायला जागा नाही, हे त्याला माहीत असतं. मुलाखत संपल्यावर तो तुमच्या गालाला गाल लावून निरोप घेईल. पुरुष असला तरी. दचकून मागे सरू नये. तिथे तो नकार समजतात, आणि तोही तुमच्याकडून.

नागरिकत्व दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर मागता येतं, ही जुनी उदार तरतूद. मे २०२५ च्या हुकुमाने तिला शेपूट जोडलं: दोन वर्षांत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. भावाच्या लग्नाचा मुहूर्त त्या बेताने काढायला सांगावं.

रविवार

वर सांगितलेलं काहीच जमलं नाही तरी रविवारी कुणी 'असादो'ला, म्हणजे मांस भाजायच्या मेजवानीला, बोलावलं तर नाही म्हणू नये. एक वाजताचं आमंत्रण असेल तर पावणेदोनला जावं. तेव्हा निखारे पडायला सुरुवात झालेली असते. मांस तीनच्या सुमाराला. शेगडीजवळ जाऊन सूचना देऊ नये, चिमट्याला हात लावू नये. पहिला घास झाला की भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात, त्या जोरात वाजवाव्यात. शाकाहारी असाल तर तसं आधीच सांगा. आधी शोकसभा होईल, मग शेगडीच्या कोपऱ्यात प्रोव्होलोन चीजची जाड चकती आणि ढोबळ्या मिरचीत फोडलेलं अंडं भाजून मिळेल. अंडंही चालत नसेल तर मिरची नुसतीच खावी आणि चेहरा प्रसन्न ठेवावा.

नोकरीचा विषय जेवताना काढायचा नाही. देश कसा बुडाला यावर ज्याने त्याने बोलून घ्यायचं असतं, तुम्ही मान डोलवायची आणि तुमच्या देशात कांद्याला काय भाव चालला आहे ते सांगायचं. 'माते' नावाच्या चहाचा कप फिरत आला तर त्यातली नळी पुसायची नाही, आणि नको असेल तेव्हाच 'ग्रासियास' म्हणायचं, नाहीतर पुढची फेरी तुम्हाला वगळून जाते. सहाच्या सुमाराला निरोप घ्या. निरोपाला तासभर लागतो. शेवटी प्रत्येकाच्या गालाला गाल लावून झाले, की यजमान स्वतः किल्ली घेऊन खाली येईल, कारण चोरांच्या भीतीने इमारतीचं मुख्य दार आतूनही कुलूपबंद असतं आणि किल्लीशिवाय पाहुण्याला बाहेर पडता येत नाही. सातव्या मजल्यावरून ती जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट सावकाश उतरते. आत तुम्ही दोघेच. बहुधा तिसऱ्या मजल्यापाशी त्याला आठवतं, की त्याच्या मेव्हण्याला तेलाच्या कंपनीत इंग्रजी येणारा कुणीतरी हवा होता. दार उघडेपर्यंत नंबर लिहून घ्या, पण कागदावर. फोन मात्र रस्त्यावर बाहेर काढू नका.